रेडिओवरची सांस्कृतिक संध्याकाळ: मराठवाड्यातल्या नवख्या श्रोत्यासाठी

शास्त्रीय गाणं ऐकायला कुठून सुरुवात करावी, असं विचारणारे बरेच जण भेटतात. कुणी स्पर्धा परीक्षेसाठी संभाजीनगरला खोली करून राहिलेलं असतं, कुणी नोकरी संपवून अंबाजोगाईला परतलेलं असतं. अनुभव मात्र सगळ्यांचा सारखाच: शनिवारी रात्री आकाशवाणीवर गाणं लावलं, गायक बराच वेळ एकाच सुराभोवती घुटमळत राहिला, काही उमगेना, मग डोळा लागला. पाठीला डबा न बांधताच विहिरीत उडी मारली तर दुसरं काय होणार?

माझं सांगणं थोडं उलटं आहे. रेडिओवरच्या संध्याकाळी तीन गोष्टी मिळतात: भाषण, नाटक आणि गाणं. मान गाण्याला जास्त, म्हणून लोक आधी तिकडेच वळतात. नवख्याने आधी भाषण ऐकावं, मग श्रुतिका म्हणजे रेडिओवरचं नाटक, आणि गाणं सगळ्यात शेवटी. दहा मिनिटं नुसता माणसाचा आवाज लक्ष देऊन ऐकता आला की अर्ध्या तासाची श्रुतिका झेपते. श्रुतिकेने न दिसणारं डोळ्यांपुढे उभं करायची सवय लावली की तासाभराच्या गाण्यात माणूस हरवत नाही. हा क्रम मोडून थेट गाण्यात रमणारेही असतात, पण त्यांना या लेखाची गरज नाही.

गाणं, नाटक आणि भाषण एका संध्याकाळी गुंफण्याची ही पद्धत फक्त आपली नाही. लंडनच्या बीबीसीने १९४६ साली ‘थर्ड प्रोग्रॅम’ नावाची खास वाहिनी सुरू केली, तीही फक्त संध्याकाळची. आपल्याकडे वेगळी वाहिनी न काढता तेच काम आकाशवाणीच्या केंद्रांनी शेतकऱ्यांचे कार्यक्रम, बातम्या आणि भक्तिगीतं सांभाळत केलं. म्हणून आपल्या रेडिओवर शोधावं जास्त लागतं.

पायरी पहिली: रेडिओ कोणता, ठेवायचा कुठे

घरात जुना रेडिओ असेल तर नवा घेऊ नका. सेलवर चालतो का, तेवढं बघा. भिंतीतल्या प्लगला लावलेल्या रेडिओत अ‍ॅडॉप्टरची घरघर मिसळते, सेलवर ती गायब होते.

मराठवाड्यात ऐकण्याचे रस्ते साधारण चार. मीडियम वेव्हवर परभणी, आकडा १३०५ किलोहर्ट्झ. एफएमवर संभाजीनगर १०१.७, नांदेड १०१.१, बीड १०२.९; धाराशिवलाही आकाशवाणीचं केंद्र आहे. तिसरा रस्ता मोबाइलवरचं आकाशवाणीचं ‘न्यूज ऑन एअर’ हे अ‍ॅप, ज्यात देशभरातली केंद्रं थेट ऐकता येतात. चौथा रस्ता बहुतेकांच्या लक्षातच नसतो: घरावर डीडी फ्री डिशची छत्री असेल तर टीव्हीच्या त्याच रिमोटवर रेडिओच्या वाहिन्याही लागतात.

एफएमच्या लहरी सरळ रेषेत जातात. शहराबाहेर पन्नास-साठ किलोमीटरवर, त्यातही मध्ये बालाघाटाची रांग आली, तर आवाज तुटतो. मोबाइलमध्ये एफएम असेल तर इअरफोन खोचावाच लागतो, कारण त्याची वायरच एरिअलचं काम करते. वायरशिवायचा इअरफोन इथे उपयोगाचा नाही.

मीडियम वेव्हची तऱ्हा वेगळी. दिवसा वातावरणाचा एक थर या लहरी शोषून घेतो, त्यामुळे फक्त जवळचं केंद्र लागतं. सूर्य मावळला की तो थर विरतो, आणि वरच्या थरांवरून परतून दूरची केंद्रं खाली येतात. मग पुणे (७९२), मुंबई (५५८) किंवा नागपूर (५८५) लागायची शक्यता वाढते. सोबत परप्रांतातली केंद्रंही घुसतात आणि आवाज वरखाली होत राहतो. रेडिओ बिघडला असं समजून ठोकायला जाऊ नका. मीडियम वेव्हचे बरेच प्रक्षेपक गेल्या काही वर्षांत बंद झाले आहेत, तेव्हा एखादा आकडा रिकामा मिळाला तर तेच केंद्र अ‍ॅपवर शोधा.

डिजिटल आकडे दिसणारा नवा रेडिओ घेतला असेल तर एक गोष्ट नक्की तपासा. आपल्याकडे मीडियम वेव्हची केंद्रं नऊ-नऊ किलोहर्ट्झच्या अंतरावर बसवलेली आहेत. १३०५ ला नऊने भाग जातो, बघा. अमेरिकेत हे अंतर दहाचं आहे, आणि काही रेडिओ त्याच मापावर लावून येतात. तसा रेडिओ १३०० वरून थेट १३१० वर उडी मारतो आणि परभणी लागतच नाही. सोबतच्या पुस्तिकेत ९ आणि १० यांतलं निवडायची खूण असते, ती ९ वर आणा.

आता जागा. मीडियम वेव्हचं एरिअल रेडिओच्या पोटात असतं, काळसर रंगाची आडवी कांडी. वर ओढायची चकचकीत दांडी एफएमसाठी, ती कितीही ताणली तरी मीडियम वेव्हला फरक पडत नाही. म्हणून केंद्र लावल्यावर आख्खा रेडिओच हळूहळू गोल फिरवा. कांडीचं टोक केंद्राच्या दिशेला आलं की आवाज मरतो, कांडी आडवी पडली की खुलतो. एकदा जागा सापडली की खिडकीच्या चौकटीवर खडूने खूण करून ठेवा, रोज नव्याने फिरवत बसावं लागत नाही.

खरखर कुठून येते तेही शोधा. एलईडी दिवा, मोबाइलचा चार्जर, इन्व्हर्टर, टीव्हीचा डबा, हे सगळे संशयित. एकेक बंद करून पाहिलं की चोर सापडतो. गावाकडे, शेताजवळच्या घरात, दर सेकंदाला ‘टक, टक’ असा ठोका ऐकू येत असेल तर तो रेडिओचा दोष नव्हे. रानडुकरं येऊ नयेत म्हणून कुणीतरी कुंपणाला झटका मशीन लावलेली असते. त्यावर घरात बसून इलाज नाही. रेडिओ घराच्या दुसऱ्या बाजूला नेऊन फिरवून पाहावा, तेवढंच. आणि लाइट गेली की वैतागू नका. सगळ्या आळीतली उपकरणं एकदम गप्प होतात, आणि मीडियम वेव्ह इतकी स्वच्छ एरवी कधीच लागत नाही.

कशावर काय ऐकायचं, याचंही माझं मत पक्कं आहे. भाषण आणि श्रुतिका मीडियम वेव्हवर खुशाल ऐका. गाणं मात्र शक्य असेल तर एफएमवर, अ‍ॅपवर किंवा फ्री डिशवर ऐका. मीडियम वेव्हवर साडेचार-पाच किलोहर्ट्झच्या वरचा आवाज कापला जातो, एफएमवर तो पंधरापर्यंत जातो. माणसाचं बोलणं त्या अरुंद पट्टीत नीट मावतं. तानपुऱ्याची गुंजन आणि तबल्याच्या चाटीचा, म्हणजे कडेचा, टणत्कार मावत नाहीत, आणि नवख्याला नेमकी त्याचीच मदत हवी असते.

पायरी दुसरी: संध्याकाळ आधी आखा

रेडिओ लावून ‘काय लागतंय ते बघू’ असं केलंत तर बाजारभाव, जाहिराती आणि निम्मं संपलेलं भाषण एवढंच हाती येईल. सकाळी पाच मिनिटं द्या. केंद्रांवरून दिवसभरातल्या ठळक कार्यक्रमांची उद्घोषणा होते; ती ऐकून वेळा कागदावर टिपून घ्या. वेळापत्रकं बदलतात, म्हणून कुणी वर्षभरापूर्वी सांगितलेल्या वेळेवर विसंबू नका. हा लेखही त्याला अपवाद नाही.

ठोकताळा असा. दिवेलागणीला प्रादेशिक केंद्रांवर शेतकऱ्यांचे कार्यक्रम, हवामान, बातम्या. परभणीला वसंतराव नाईक मराठवाडा कृषी विद्यापीठ असल्याने तिथल्या शास्त्रज्ञांचा आवाज या वेळात कानी पडतो. त्यानंतर भाषण, मुलाखत, सुगम संगीत. विविध भारतीवर रात्री आठला ‘हवामहल’, हिंदीतली छोटी नाटुकली. रात्री उशिरा गाणं. शनिवारची रात्र महत्त्वाची, कारण संगीताचा अखिल भारतीय कार्यक्रम १९५२ सालापासून त्याच रात्रीचा. नाटकांचा अखिल भारतीय कार्यक्रम १९५६ मध्ये सुरू झाला. त्याची रूढ वेळ महिन्याचा चौथा गुरुवार, रात्री साडेनऊ. शनिवारपर्यंत धीर नसेल तर ‘रागम्’ ही २०१६ साली सुरू झालेली वाहिनी आहे, अ‍ॅपवर आणि फ्री डिशवर अष्टौप्रहर शास्त्रीय संगीतच. पण सुरुवातीला तिकडे जाऊ नका असं सांगेन. जे केव्हाही मिळतं ते ‘उद्या ऐकू’ म्हणून राहून जातं.

वर्षाचंही गणित असतं. वैशाख-ज्येष्ठात संध्याकाळी वळवाचे ढग जमले की दूरवरची प्रत्येक वीज मीडियम वेव्हवर कडाडते. त्या दिवसांत मीडियम वेव्हवर गाणं ऐकायचा हट्ट सोडावा. दिवाळीनंतरची थंडी उत्तम, हवा स्वच्छ आणि कार्यक्रमही भरगच्च. १९५४ पासून चालत आलेलं आकाशवाणी संगीत संमेलन याच सुमाराला होतं, त्यातल्या मैफली मग रोज रात्री प्रसारित होतात. ३१ ऑक्टोबरच्या आसपास सरदार पटेल स्मारक व्याख्यान आणि डिसेंबरच्या सुरुवातीला डॉ. राजेंद्रप्रसाद स्मारक व्याख्यान. सोयाबीन घरात आलेलं, तुरीला अजून वेळ, रब्बीची पेरणी उरकलेली, म्हणजे शेतकऱ्याच्या घरातही संध्याकाळी थोडी उसंत याच दिवसांत.

पायरी तिसरी: भाषण

रेडिओवरचं भाषण साधारण दहा मिनिटांचं. लिहून आणलेलं असतं, हजार-अकराशे शब्द. सभेतल्या भाषणात वक्ता समोरच्यांचे चेहरे बघून वाक्य लांबवतो, टाळी घेतो, विषय सोडून विनोद सांगतो. इथे समोर फक्त माइक. चांगला वक्ता एकाच माणसाशी बोलल्यासारखा बोलतो. कच्चा वक्ता निबंध वाचतो. हा फरक पहिल्या दोन-तीन वाक्यांतच कळतो. तो ओळखता येणं हा तुमचा पहिला धडा.

ऐकताना लिहू नका. मोबाइल उपडा ठेवा. भाषण संपल्यावर घरातल्या कुणालातरी तीन वाक्यांत सांगा: विषय काय होता, कोणतं उदाहरण लक्षात राहिलं, कुठे कंटाळा आला. कंटाळ्याचं उत्तर सगळ्यात महत्त्वाचं, कारण बहुतेक वेळा तिथे वक्त्याने आकडे ओळीने वाचलेले असतात. डोळ्याला आकडे झेपतात, कानाला नाही. चांगला वक्ता एका भाषणात दोन-तीनच आकडे देतो आणि तेही पुन्हा उच्चारतो.

कपाशीवरची गुलाबी बोंडअळी हा विषय ज्यांच्या घरचा आहे त्यांनी कृषी शास्त्रज्ञाच्या भाषणापासूनच सुरुवात करावी. ‘सांस्कृतिक’ म्हणून नाक मुरडायचं कारण नाही. विषय आपल्या ओळखीचा असला की सांगण्याची कला चटकन जाणवते. पुढे संतसाहित्यावरची भाषणं घ्या. पैठणचे एकनाथ, नर्सीचे नामदेव, अंबाजोगाईचे मुकुंदराज, गंगाखेडच्या जनाबाई: आपल्या भागात त्यांना तोटा नाही. १७ सप्टेंबरला, मुक्तिसंग्राम दिनी, इथल्या केंद्रांवर त्या लढ्याविषयी काही ना काही असतं. जुन्या माणसांच्या मुलाखतीचं ध्वनिमुद्रण लागलं तर अजिबात चुकवू नका.

त्या निमित्ताने एक माहिती. निजामाच्या राज्यात हैदराबादला डेक्कन रेडिओ होता आणि औरंगाबादलाही एक केंद्र होतं. ही दोन्ही केंद्रं १९५० साली आकाशवाणीत आली. संभाजीनगरच्या लोकांना रेडिओ काल-परवा मिळाला असं ज्यांना वाटतं, त्यांनी घरातल्या पणजीच्या पिढीविषयी चौकशी करावी.

लांबलचक व्याख्यान पहिल्या महिन्यात नको. पटेल व्याख्यानमाला १९५५ मध्ये सुरू झाली, पहिलं व्याख्यान सी. राजगोपालाचारींचं. परंपरा मोठी आहे, पण दहा मिनिटांना सरावलेला कान घेऊन मगच तिकडे जा.

पायरी चौथी: श्रुतिका

नाटक बघणारा माणूस रेडिओवरच्या नाटकात पहिल्या पाच मिनिटांत गोंधळतो, कारण कोण बोलतंय तेच कळत नाही. त्यावर सोपा उपाय आहे. सुरुवातीला पात्रांची आणि कलाकारांची नावं सांगतात तेव्हा उठून पाणी प्यायला जाऊ नका. श्रुतिकेचा लेखक पहिल्या काही संवादांत मुद्दाम नावं पेरतो: “काय हो वहिनी, आज लवकर?”, “बस रे सदा.” एरवी आपण बोलताना एकमेकांना एवढ्यांदा नावाने हाक मारत नाही. ते तुमच्यासाठी असतं. तेवढ्या वेळात आवाजांना चेहरे चिकटवून टाका.

मग माइकपासूनचं अंतर ऐका. आवाज जवळचा, किंचित दमदार असेल तर पात्र मनातलं बोलतंय किंवा कानात सांगतंय. पोकळ, लांबचा असेल तर ते दारातून किंवा अंगणातून बोलतंय. मध्येच संगीताचा छोटा तुकडा वाजून विरला की वेळ किंवा जागा बदलली. पावलांचे आवाज, दाराची करकर, रहाट, पाऊस, यांतलं बरंच काही स्टुडिओत हातानेच केलेलं असतं. घोड्याच्या टापा तर नारळाच्या करवंट्या आपटून काढायची जुनी युक्ती आहे. हे कळल्यावर मजा जाते असं काहींना वाटतं. मला तर ती वाढलेली दिसते, विशेषतः मुलांच्या बाबतीत. श्रुतिका संपली की पोरं स्वयंपाकघरातल्या वाट्या घेऊन सुरू होतात.

आणि शांतता ऐका. रंगमंचावर नट गप्प राहिला तरी तो दिसत असतो. रेडिओवर चार सेकंद काहीच ऐकू आलं नाही की श्रोत्याचा हात बटणाकडे जातो. हे माहीत असूनही लेखकाने जिथे शांतता ठेवली असेल, तिथे काहीतरी घडलेलं असतं.

भाषणाच्या वेळी हात मोकळे ठेवा म्हटलं, इथे उलट सांगतो: हाताला काम द्या. वाती वळा, तुरीच्या शेंगा सोला, गहू निवडा. डोळे हाताकडे गुंतले की कान एकटा काम करतो आणि चित्र छान उमटतं. मोबाइलवर बोट फिरवणं हे मात्र हाताचं काम नव्हे, त्यात डोळा आणि मन दोन्ही जातात.

सुरुवात हवामहलपासून करावी. पंधरा मिनिटांचा खेळ, पात्रं कमी, बहुतेक विनोदी. हिंदी आपल्याकडे कुणाला अडत नाही; दखनीच्या शेजारात वाढलेल्या मराठवाड्याला तर नाहीच. त्यानंतर मराठी श्रुतिका, आणि मग चौथ्या गुरुवारचं मोठं नाटक. हिंदी नाटक दिल्लीहून सगळीकडे जातं, त्याची प्रादेशिक भाषांतली रूपं त्या-त्या केंद्रांवर होतात. मालिका असेल तर पहिल्या भागापासूनच धरा. मधल्या भागात घुसून कथा लागत नाही आणि मग विनाकारण नाटकालाच नावं ठेवली जातात.

पायरी पाचवी: गाणं

आता डबा न बांधता उतरायला हरकत नाही.

आधी एक गैरसमज काढून टाकू. ‘आमच्याकडे शास्त्रीय संगीताचं वातावरण नाही’ हे वाक्य मराठवाड्यात फार ऐकू येतं. ज्याच्या गावात दरसाल हरिनाम सप्ताह बसतो, त्याच्या कानात पखवाज, टाळ आणि आठ मात्रांचा भजनी ठेका लहानपणीच मुरलेला असतो. काकड्याला सकाळच्या चाली वेगळ्या आणि रात्रीच्या कीर्तनात वेगळ्या, हे त्याला न शिकवता माहीत असतं. खुलताबादच्या उरुसात कव्वाली ऐकलेल्याला एकच ओळ दहा तऱ्हांनी घोळवण्याची गंमत ठाऊक असते. अंबाजोगाईजवळच्या आपेगावच्या शंकरबापूंना पखवाजासाठी पद्मश्री मिळाली, नांदेडचे पं. नाथराव नेरळकर अख्ख्या महाराष्ट्रात गायले आणि त्यांनी इथे शिष्यांची पिढी घडवली. वातावरण आहेच, त्याला शास्त्रीय म्हणायची सवय तेवढी नाही.

तर, उद्घोषणा ऐका आणि इथे मात्र लिहा. वहीत चार रकाने पुरेत: कलाकार, राग, ताल, साथीदार. “आता ऐका राग यमन, विलंबित एकताल आणि द्रुत तीनताल” एवढ्या एका वाक्यात पुढच्या पाऊण तासाचा नकाशा दिलेला असतो. विलंबित म्हणजे संथ ख्याल, आधी येणार. द्रुत म्हणजे जलद बंदिश, नंतर येणार. म्हणजे सुरुवातीला काहीच ‘घडत’ नाहीये असं वाटलं तर ते तसंच असायचं आहे. संथ एकतालात बारा मात्रांचं एक आवर्तन, म्हणजे तालाची एक फेरी, पाऊण मिनिट, कधी मिनिटभरही चालतं.

म्हणून नवख्याला माझा सल्ला: विलंबितात ताल शोधू नका, मुखडा धरा. बंदिशीचा सुरुवातीचा तुकडा गायक पुन्हा पुन्हा घेतो आणि त्याच्या एका ठरावीक अक्षरावर तबल्याशी गाठ पडते. ती सम. तो मुखडा दोन-चारदा ऐकला की पुढच्या वेळी गायक कुठेही भटकत गेला तरी तुम्हाला आतून कळतं, आता हा वळला, आता आला. समेवर मान आपोआप हलली की तुम्ही नवखे उरला नाहीत. शब्द समजले नाहीत तरी चालेल. बहुतेक बंदिशी ब्रज भाषेत असतात आणि गाताना शब्द ताणले जातात.

ताल मोजायचा तो द्रुत तीनतालात. सोळा मात्रा, चार-चारांचे चार भाग:

धा धिं धिं धा । धा धिं धिं धा
धा तिं तिं ता । ता धिं धिं धा

पहिल्या मात्रेला टाळी, पाचव्या आणि तेराव्याला टाळी, नवव्याला हात उलटा, ती खाली. तबल्याचा डग्गा नववी मात्रा वाजली की दहाव्यापासून गप्प होतो. घुमारा जातो आणि फक्त चाटीचा कोरडा बोल उरतो. कानाने पकडायला ही सगळ्यात सोपी खूण. मीडियम वेव्हवर हेच नीट कळत नाही, म्हणून वर एवढा आग्रह धरला.

राग ओळखायची घाई नको. पण दोन राग मुद्दाम पाठ करा, भूप आणि मालकंस. दोन्हींत पाचच सूर. भूपात सा रे ग प ध, सगळे शुद्ध. मालकंसात सा ग म ध नि, त्यातले ग, ध आणि नि कोमल, म्हणजे किंचित उतरलेले. भूप रात्रीच्या पहिल्या प्रहराचा, मालकंस मध्यरात्रीकडे झुकलेला. एकात सगळं उजळ, दुसऱ्यात गंभीर. हे दोन कानात बसले की तिसरा राग यापेक्षा वेगळा का वाटतो, असा प्रश्न पडायला लागतो, आणि तिथून पुढे कुणाच्या सल्ल्याची फार गरज पडत नाही. मग यमन घ्या, त्यातला तीव्र मध्यम, म्हणजे किंचित चढा म, शोधा. दिवस मावळतानाचे मारवा, पूरिया धनाश्री, श्री हे त्यानंतर. त्यांतला कोमल रिषभ कासावीस करतो आणि नवख्याला कधी कधी बेसूर वाटतो. सांजवेळ परभणीला मे महिन्यात सातच्या आसपास आणि डिसेंबरात सहाच्या आधी होते, पण रेडिओचं घड्याळ बदलत नाही, त्यामुळे उन्हाळ्यात हे राग उजेडात ऐकावे लागतात.

संग्रहातलं जुनं ध्वनिमुद्रण लागलं तर साथीला काय आहे ते बघा. १९४० ते १९७१ या काळात आकाशवाणीवर पेटीला बंदी होती. पेटीचे सूर ठोकून बसवलेले, त्यावर मींड, म्हणजे एका सुरावरून दुसऱ्यावर न तुटता घसरत जाणं, निघत नाही, असा आक्षेप होता. त्यामुळे त्या काळातल्या गाण्यांत बहुधा सारंगी ऐकू येते. आज पेटीशिवाय गाणं आपल्याला चुकल्यासारखं वाटतं. त्याच काळात, १९५२ ते १९६२, पुण्याचे बा. वि. केसकर माहिती आणि नभोवाणी खात्याचे मंत्री होते. त्यांनी रेडिओवर शास्त्रीय संगीताला भरपूर वेळ दिला, पण सिनेसंगीत हटवलं, आणि लोक सरळ रेडिओ सिलोनकडे वळले. शेवटी १९५७ साली विविध भारती काढावी लागली. बंदी कुणाची बरोबर होती यावर जुने श्रोते अजून तावातावाने भांडतात. पेटीच्या बाबतीत मी बंदीच्या विरुद्ध आहे. पण ती जुनी सारंगी ऐकताना माझं मत जरा डळमळतं.

तासभर बसवलं नाही तर उठा. विलंबित सोडून द्रुतापासून ऐकलं तरी पाप लागत नाही. मैफलीच्या शेवटी ठुमरी, नाट्यपद किंवा अभंग असेल तर तेवढ्यासाठी परत या. एका शनिवारी सम सापडली नाही म्हणून तोच राग दुसऱ्या दिवशी मोबाइलवर शोधून पुन्हा पुन्हा ऐकणं हा उपाय वाईट नाही, पण आधी पुढचा शनिवार येऊ द्या.

पायरी सहावी: पत्र

केंद्राला पत्र लिहा. पोस्टकार्ड चालतं. तारीख, वेळ, कार्यक्रमाचं नाव, काय आवडलं, आणि आवाज कसा येत होता, एवढं लिहा. “कार्यक्रम छान होता, असेच कार्यक्रम सादर करावेत” या पत्राचा कुणालाच उपयोग नाही. “शनिवारी रात्री दहाला गंगाखेडच्या पश्चिमेला असलेल्या आमच्या गावात मीडियम वेव्हवर दुसरं केंद्र मिसळत होतं” हे पत्र तंत्रज्ञाला उपयोगी पडतं. “श्रुतिकेतल्या सासूचा आवाज सुनेसारखाच होता, गोंधळ झाला” हे नाटक विभागाला. श्रोत्यांची पत्रं वाचण्याचे कार्यक्रम असतात. आपलं नाव आणि गाव रेडिओवर ऐकल्यावर घरात जे काही होतं, ते इथे लिहीत नाही.

रात्री बंद करताना आवाजाचं बटण नुसतं कमी करून ठेवू नका, टक् असा आवाज येईपर्यंत फिरवा, नाहीतर सकाळपर्यंत सेल बसतात. आठवडाभर बाहेरगावी निघालात तर सेल काढून ठेवा. पावसाळ्यात ते पाझरतात, स्प्रिंगला हिरवट बुरशी चढते आणि रेडिओ मुका होतो. तसं झालंच तर कापसाच्या बोळ्यावर लिंबाचा थेंब घेऊन स्प्रिंग पुसा, कोरड्या फडक्याने टिपा, आणि पूर्ण वाळल्यावरच नवे सेल घाला.